शाल मिळाली, फी कोण भरणार?

उरण तालुक्यात एखाद्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली की गावच्या नाक्यावर बॅनर लागतो. शाल, श्रीफळ, पुढाऱ्याच्या हस्ते सत्कार. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांगेत उभी असते, आणि बॅनरवरचा एकही चेहरा तिच्यासोबत नसतो.

शिष्यवृत्ती मिळाल्यावर पुढं काय होतं, हे आपण विचारतच नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, दोन्हीतली एकच ठेवायची. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे. मात्र दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीला पात्र असलेला विद्यार्थी त्या सवलतीतून बाद! म्हणजे पोर हुशार निघालं की ओझं सरकारचं कमी होतं, बापाचं नाही.

एकाच खर्चासाठी दोनदा पैसे देऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. पण आधी खर्च तर मोजा. शिष्यवृत्तीतून फी भागली, तरी वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, प्रवास कोणी धरायचा? ही सगळी बेरीज पुरी होईपर्यंत एका मदतीमुळे दुसरी तोडणं हा अन्याय आहे.

त्यात शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. महाडीबीटीवर अर्ज महिनोन्‌महिने ‘पेंडिंग’ राहतो, आणि कॉलेज मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण फी मागतं. मग आईच्या गळ्यातलं गहाण पडतं किंवा गावातल्याच कुणाकडून शेकड्यानं पैसे उचलले जातात. शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंत तिचा लचका व्याजानं तोडलेला असतो.

उरणनं तरी हे सहन करायला नको होतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी इथली शेतं आणि मिठागरं गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठं गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड पदरात पडला. इथलं न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. त्या हुतात्म्यांच्या मातीत आज हळदीला डीजेवर पैसा उधळला जातो, अंडरआर्म क्रिकेटला लाखांची बक्षिसं लागतात. आणि फीचा विषय निघाला की तोच गाव म्हणतो, ‘तिला तर स्कॉलरशिप आहे ना?’ हे वाक्य निर्लज्ज आहे. तिच्या मेहनतीचं फळ आपण आपली जबाबदारी झटकायला वापरतो.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. तरीही 1920 मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परतताना त्यांना पैसे कमी पडत होते. त्यांचे मित्र नवल भथेनांनी 5000 रुपये उसने दिले, शाहू महाराजांनी 1500 रुपयांचा हातभार लावला. ‘बडोद्यानं दिलंय, आता आम्ही कशाला?’ असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही. आपण आंबेडकरांच्या, शाहूंच्या जयंत्यांच्या मिरवणुका काढतो आणि शेजारच्या घरातली फी थकलेली पाहूनही गप्प बसतो.

माहितीच्या बाबतीतही हेच. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कर्ज 4 लाखांच्या वर गेलं तर पालकानं पदरचा हिस्सा घालायचा असतो, पण त्यात शिष्यवृत्ती धरता येते. हा नियम चांगला आहे, पण गावात तो किती पालकांना ठाऊक आहे? सांगायला कुणी बसतच नाही.

गावकी, देवस्थानं, मंडळं यांना माझं सरळ मागणं आहे. यंदाच्या वर्गणीतून एक फी-निधी काढा. प्रवेशाच्या दिवशी मुलीच्या हातात बिनव्याजी पैसे ठेवा, शिष्यवृत्ती जमा झाली की ते परत घ्या. दाखले, अर्ज आणि बँक यांची कामं करायला गावातले दोन शिकलेले लोक नेमा. आणि मत मागायला दारात येणाऱ्याला विचारा, की शिष्यवृत्तीमुळे व्याजसवलत तोडणाऱ्या नियमाविरुद्ध सभागृहात तुम्ही कधी उभे राहिलात?