तीळ चालत नाही

डिसेंबर लागला की आमच्या वर्गाच्या खिडक्यांवर बर्फ पडतो. कागदाचा. पांढऱ्या कागदाला चार घड्या घालायच्या, कडा कातरायच्या आणि उलगडायचा. तीन वर्षांच्या हातून बहुतेक वेळा चिंध्याच होतात. मी त्यांना 'स्नोफ्लेक' म्हणते आणि काचेला चिकटवते. काचेपलीकडे मॉरिसव्हिलचं लख्ख ऊन पडलेलं असतं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या या पट्ट्यात बर्फ म्हणजे आटपाडी-जतकडचा पाऊस. नुसतं येणार, येणार. जानेवारी २००० मध्ये आमच्या शेजारच्या विमानतळावर २०.३ इंच पडला होता. जुनी माणसं तो अजून हात पसरून दाखवतात. उलट १९ जानेवारी २००५ला जेमतेम इंचभर पडला, तर रस्ते गोठून सगळी वाहतूक अडकली आणि कित्येक मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली. म्हणून हवामानखात्याने नुसतं नाव काढलं तरी दुकानातलं दूध आणि पाव संपतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी मात्र बर्फ पाहिलेलाच नाही. न पाहिलेल्या गोष्टीची चित्रं ती महिनाभर मन लावून काढतात.

मी इथे शिक्षिका झाले ती ओघाने. बी.कॉम. होऊन, इस्लामपुरातल्या पतसंस्थेत चार वर्षं काढून नवऱ्यामागे आले. २०१५ साली एच-फोर व्हिसावाल्या काही बायकांना कामाची परवानगी मिळायला लागली, त्यात यथावकाश माझाही नंबर लागला. कम्युनिटी कॉलेजात बालशिक्षणाचा कोर्स केला आणि 'मिस व्ही' झाले. माझी आई इस्लामपुरात तीस वर्षं बालवाडीताई होती. तिचं काम आपण करायचं नाही, एवढं एकच मी लहानपणी ठरवलं होतं.

२०२०च्या जनगणनेत या गावाची वस्ती २९,६३० भरली, त्यात जवळपास निम्मे आशियाई. त्यामुळे माझ्या चौदा मुलांत तेलुगू, तमिळ, गुजराती आणि मराठी अशा चार भाषांत रडणारी मुलं आहेत. (रडणं मातृभाषेतच येतं. भांडण इंग्रजीत.) अशा वर्गात डिसेंबरचा कार्यक्रम कोणत्या नावाने करायचा, यावर दर वर्षी बैठक होते आणि दर वर्षी 'विंटर सेलिब्रेशन' हेच नाव निघतं. गाणं 'जिंगल बेल्स'. सगळ्यांना ते नाताळचं वाटतं, पण १८५७ साली छापलेल्या त्या गाण्यात नाताळचा उल्लेखच नाही. नुसती घोड्याच्या घसरगाडीची मजा आहे. आमच्या बैठकीला असं गाणं फार सोयीचं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी स्टेजसमोर जमिनीवर बसून हातवारे करते. मुलं माझ्याकडे बघत नाहीत. एक आईला बघून रडतं, एक फ्रॉक डोक्यावर घेतं, एक मुलगा पूर्ण गाणंभर 'घोडा कुठाय?' हे इंग्रजीत विचारत राहतो. समोर तीस मोबाइल उंचावलेले. नंतर पालक भेटी देतात. माझ्या कपाटात आता अकरा कॉफीचे मग आहेत आणि मी चहा पिते, तोही स्टीलच्या पेल्यातून.

सुट्टी म्हणाल तर ती सरकारी शाळांना. आमच्यासारख्या खासगी ठिकाणी २४, २५ आणि १ तारीख, संपलं. माझी सात वर्षांची लेक घरी आणि मी दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसायला बाहेर. नवरा घरून काम करतो, म्हणजे मीटिंगमध्ये असतो. एकदा संध्याकाळी परतले तर लेकीने स्वतःच कागद कातरून स्वयंपाकघराच्या खिडकीला लावले होते. म्हणाली, "तू त्यांच्यासोबत करतेस ना, म्हणून." मी कपडे न बदलता तिच्याशेजारी कात्री घेऊन बसले. रात्री आठला वरण-भात लावला.

मग जानेवारी. झाडं रस्त्याकडेला कचऱ्यात पडलेली, दिवे उतरलेले, आणि सणांचा मोसम संपला असं सगळं गाव म्हणत असताना आमची संक्रांत येते. कामाच्या वारी. मला वाटलं, यंदा वर्गात तिळगूळ वाटू. मुख्याध्यापिका बाईंनी काही न बोलता भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. अॅलर्जीचा तक्ता. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, काजू-बदाम, शेंगदाणे, गहू, सोयाबीन ही आठ नावं जुनी. १ जानेवारी २०२३पासून अमेरिकन कायद्याने नववं नाव त्यात घातलं, ते तिळाचं. आमच्या लाडवात तीळही आणि दाण्याचं कूटही. एकाच लाडवात दोन गुन्हे. त्यातून घरी केलेला. वर्गात फक्त पाकीटबंद चालतं.

बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिळाने कुणाचा घसा सुजतो हे मला इथे येईपर्यंत खरं वाटलं नसतं, पण अशा वेळचं इंजेक्शन मांडीवर कसं टोचायचं याचं मी प्रशिक्षण घेतलंय. तरी त्या रात्री आईला फोन करून कुरकुरलेच. हिवाळ्यात आमच्यात साडेदहा तासांचं अंतर. माझी रात्र, तिची सकाळची पूजा.

"अगं, तीळ नको तर नको," ती घंटा खाली ठेवत म्हणाली. "बोरन्हाण घाल की. तुझी पोरं पाचाच्या आतलीच आहेत ना?"

"आई, बोराच्या आठळ्या? घशात अडकतील. ऊसही नको, चुरमुरेसुद्धा नकोत."

"मग खायचं घालूच नकोस. अनुताईंनी काय बाजारातून आणलं होतं?"

आईच्या पिढीच्या बालवाडीताया अनुताई वाघांचं नाव घरातल्या थोरल्या माणसाचं घ्यावं तसं घेत. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, पुढे १९५७मध्ये ती कोसबाडच्या टेकडीवर नेली. आदिवासी पाड्यांवर खेळणी कुठली? शिंपले, बिया, पानं, दगड हेच साहित्य. पोरं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आई चिंचोके आणि बाटल्यांच्या बुचांवर मोजणी शिकवायची. मला त्याची तेव्हा लाज वाटायची.

१४ तारखेला खिडक्यांवरचा बर्फ उतरवायचा होताच. चिंध्या एका टोपलीत गोळा केल्या, मुलांना गोल बसवलं, आणि एकेकाला मधे घेऊन त्याच्या डोक्यावर ओतल्या. पहिला मुलगा दचकला. दुसरी खिदळली. तिसऱ्यापासून रांगेत भांडणं सुरू झाली. सात फेऱ्या झाल्या. घोडा शोधणारा तो मुलगा टोपलीच डोक्यावर घेऊन बसला.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काय चाललंय म्हणून विचारलं. "बोरन्हाण," मी म्हटलं. त्यांनी त्यातलं 'नान' तेवढं ऐकलं आणि काळजीने विचारलं, "यात गहू नाही ना?"

संध्याकाळी त्या घोडेवाल्याची आई न्यायला आली. त्याने धावत जाऊन आज बर्फ पडला म्हणून सांगितलं. तिने बाहेर बघितलं, मग त्याच्या केसांतला कागद काढला आणि माझ्याकडे बघून हसली. "भोगी पळ्ळु!" त्यांच्या तेलुगू घरात भोगीला हेच करतात: बोरं, फुलांच्या पाकळ्या आणि सुटी नाणी मिसळून मुलांच्या डोक्यावरून ओततात. त्यांचं कालच झालं होतं.

मग ती जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मिस व्ही, रात्री नाणी मोजली तर एक कमी भरलं. उद्या त्याला बाथरूमला नेलं की तेवढं लक्ष ठेवाल का?"