पिशवी काढली, दुखणे राहिले

मार्च २०२५ मध्ये खुलताबादचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत रोज येत होते. १७०७ साली मरण पावलेल्या बादशहाची कबर तेथे ठेवावी की उखडावी, याची चर्चा ज्यांना सवड होती त्यांनी मनसोक्त केली. नागपुरात त्यापायी दंगलही झाली. त्याच तालुक्यातील जिवंत माणसांच्या दुखण्याखुपण्याकडे पाहण्यास मात्र कोणाला सवड नव्हती. त्यांतलेच एक दुखणे असे आहे की स्त्रिया ते चारचौघांत बोलत नाहीत आणि पुरुष कार्यकर्ते विचारत नाहीत. एवढ्यामुळे ते राजकारणाबाहेरचे ठरत नाही.

पाळीच्या दिवसांत ओटीपोटात असह्य कळा येणे, कंबर भरून येणे, पुढे पाळी नसतानाही ते दुखणे सरता न सरणे, या तक्रारींमागे पुष्कळदा एण्डोमेट्रिऑसिस नावाचा रोग असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना, तो आहे. आणि निदान होण्यास अनेक वर्षे लागतात. मधल्या काळात त्या स्त्रीला मिळणारे उत्तर ठरलेले असते: 'बाईच्या जातीला हे सोसावेच लागते.' थोडे शिकलेले लोक 'मनाचे खेळ' म्हणतात, एवढाच फरक.

वस्तुतः हे मनाचे खेळ नव्हेत. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती या रोगात गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, पोटाच्या आतील पडद्यावर, आतडे व मूत्राशय यांच्या आसपास रुजते. पाळीचे रक्त उलट्या मार्गाने पोटात उतरते व त्यातून हे घडते, असा सिद्धांत जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरने १९२७ साली मांडला. परंतु तसे रक्त बहुतेक स्त्रियांत उतरते आणि रोग थोड्यांनाच होतो. म्हणजे प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असला पाहिजे. रुजलेली ही ऊती पाळीबरोबर सुजते, तिच्यातून रक्त झरते, त्याला बाहेर पडण्यास वाट नसते. तिच्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची दाहकारक द्रव्ये निघतात. ती ऊती स्वतःपुरते इस्ट्रोजेनही तयार करते. दाह इस्ट्रोजेन वाढवतो आणि इस्ट्रोजेन दाह वाढवते. शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या जागी नव्या मज्जातंतूंचे जाळे वाढते. वर्षानुवर्षे तेच इशारे ऐकून मज्जारज्जू व मेंदू इतके हळवे होतात की साध्या स्पर्शाचीही कळ होते. लघवीला वा शौचास बसणे नकोसे होते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून बसतात. म्हणूनच एखादीच्या पोटात रोगाचे चार ठिपके असतात आणि ती गडबडा लोळते, तर दुसरीच्या पोटात मोठी गाठ असून तिला पत्ता नसतो. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून दुखणे खोटे, हा निष्कर्ष त्यामुळेच चुकीचा आहे.

आता शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनंतर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहांत एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते, आणि या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खाजगी रुग्णालयांतल्या. बीडच्या सर्व स्त्रियांना एण्डोमेट्रिऑसिस होता असे कोणी म्हणणार नाही. कोणाला जंतुसंसर्ग, कोणाला अतिरक्तस्राव, कोणाला साधे अंगावरून जाणे असेल. काही रोगांत ही शस्त्रक्रिया आवश्यकही असते. पण दुखण्याचे मूळ गर्भाशयाबाहेर आणि मज्जातंतूंत असेल, तर नुसती पिशवी काढून ते जाण्याची हमी नाही. अंडाशयेही काढली तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. उलट वेदनाशामके, प्रोजेस्टेरॉन वर्गातील गोळ्या, गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन हे उपाय पुष्कळ जणींना बरीच वर्षे पुरतात.

मग शस्त्रच का चालते? उचल घेऊन कोयता फडावर गेला की एक दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी बुडालीच, वर दंड. गोळी महिन्यामागून महिने घ्यावी लागते, पुन्हा दाखवावे लागते, शस्त्रक्रिया एकदाच. मुकादमाला पाळी नसलेली मजूर सोयीची, डॉक्टरला शस्त्रक्रियेची फी मिळते, आणि त्या स्त्रीलाही कर्ज काढून का होईना कायमची सुटका झाल्यासारखे वाटते. तिघांच्याही हिशेबात ही गोष्ट बसते. पिशवी गेल्यावर उरलेले दुखणे मात्र एकट्या तिच्याच खाती राहते.

खुलताबादची मजूर स्त्री तज्ज्ञाकडे जायचे तर दौलताबादचा घाट उतरून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची रांग गाठते. एवढ्यात दिवस जातो. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ ठरलेल्या वारी बसला पाहिजे, या गोळ्या तेथेच विनामूल्य मिळाल्या पाहिजेत, आणि आशा सेविकेच्या प्रश्नांत पाळीच्या दुखण्याचा प्रश्न आला पाहिजे. या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक सूत्रे तीन महिन्यांत अमलात आणा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. त्या सूत्रांत जिल्हा पातळीवर देखरेख समितीची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्याच्या समितीत कोण आहेत, ती किती वेळा बसली, आणि खुलताबाद तालुक्यातील चाळिशीच्या आतील किती स्त्रियांची नोंद तिच्यापुढे आली, हे तीन प्रश्न कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारावेत, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावे.