मेलेल्या संघाची पालखी, जिवंत संघाला गोळी

इंग्लंडातल्या लँकशायर परगण्यात प्रेस्टन नावाचे एकेकाळचे गिरणगाव आहे. तिथे दर वीस वर्षांनी ‘गिल्ड’चा, म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या जुन्या संघाचा, सोहळा भरतो. 1179 साली राजा दुसऱ्या हेन्रीने दिलेल्या सनदेपासून गाव आपली परंपरा मोजते. गिल्डच्या यादीत नाव असेल त्यानेच गावात धंदा करावा, बाकीच्यांनी वेशीबाहेर राहावे, असा तो जुना बंदोबस्त. 1835 च्या नगरपालिका कायद्याने ही मक्तेदारी मोडली. यादीचा अंमल संपला, पण मिरवणूक राहिली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात तर ती उलट जास्तच नटू लागली. धंद्याधंद्याचे लोक निशाणे घेऊन बँडच्या तालावर चालत, महापौर झगा घालून मिरवत आणि रात्री बड्यांचे नाच व मेजवान्या झडत.

आता 1842 साल पाहा. मजुरीतली कपात रद्द करा म्हणून लँकशायरभर कामगार संपावर गेले होते. 13 ऑगस्टला प्रेस्टनच्या ल्यून स्ट्रीटवर संपकरी जमले. महापौर सॅम्युएल हॉरॉक्स यांनी दंगाबंदीचा कायदा वाचून दाखवला आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चार कामगार मेले. त्यांतल्या दोघांनी विशीही गाठली नव्हती. महिना उलटायच्या आत, सप्टेंबरात, त्याच गावात गिल्डची मिरवणूक निघाली आणि गिल्डचे महापौर म्हणून मिरवले तेच हॉरॉक्स! ज्या गावाने विणकराच्या छातीत गोळी घातली, त्याच गावाने विणकामाचे निशाण डोक्यावर घेतले.

हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. कारागिरांनी एकत्र यावे, मालाचा व कामाचा भाव मिळून ठरवावा, हाच गिल्डच्या परंपरेचा अभिमान ना? मग गिरणीतले मजूर तेच करू लागले तेव्हा त्यांना काय मिळाले? 1853 साली त्यांनी दहा टक्के मजुरीवाढ मागितली. मालकांनी गिरण्यांना टाळे ठोकले. कित्येक महिने पोटाला चिमटा घेऊन 1854 मध्ये मजूर हरले. मेलेल्या संघटनेची पालखी काढायला काही लागत नाही, कारण मेलेला संघ मजुरी मागत नाही.

1862 च्या गिल्डने तर कळस केला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस आटला होता. गिरण्या थंड पडल्या होत्या, माणसे धर्मादाय अन्नावर जगत होती. तरी सोहळा झालाच. त्याच सप्टेंबरात गॉथिक थाटाच्या नव्या टाउन हॉलचा कोनशिला समारंभही उरकला. मध्ययुगीन वेश माणसांना घातला, मग इमारतीलाही घातला. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. प्रेस्टनने समृद्धीचेही सोंग आणून दाखवले!

या दोषात आपला वाटा नाही असे मराठी वाचकाने समजू नये. अमेरिकन कापूस थांबला तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईहून लँकशायरला गेला. आखूड धाग्याच्या या ‘सुरती’ कापसाला तिथला विणकर शिव्या घालत असे. धागा वारंवार तुटे, काम खोळंबे आणि नगावर मोजलेली मजुरी घटे. इकडे त्याच कापसावर मुंबईचे दलाल गब्बर झाले, शेअरबाजाराला ज्वर चढला आणि 1865 साली सगळे कोसळले. तिथली उपासमार ही इथली चैन होती.

मिरवणुकीत चाललेल्या कामगाराला मी दोष देत नाही. वर्षानुवर्षे ज्याला कोणी विचारले नाही, त्याला एक दिवस रस्त्याच्या मधोमध ताठ मानेने चालावेसे वाटले तर त्यात गैर काय? दोष आहे तो कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या सभ्य गृहस्थांचा. हाताच्या कौशल्याचे कौतुक करताना त्या हाताला मजुरी किती मिळते, हे विचारायची लाज वाटणारी सभ्यता ढोंगी असते. श्रमाचा सत्कार करायला कोणाचे काही जात नाही. श्रमाचा भाव द्यायला मात्र आपल्या खिशातून जाते. म्हणून ज्या गावाला कारागिरांची मिरवणूक काढायची असेल, त्याने आधी त्यांच्या मजुरीची वही चौकात उघडून ठेवावी. ती दाखवायची हिंमत नसेल तर निशाणे गुंडाळून ठेवावीत.