आधी दुसऱ्याची तूर भरडा

‘सबसिडी किती भेटते भाऊ?’ अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या प्रदर्शनात मिनी डाळ मिलभोवती उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडून पहिला प्रश्न हाच येतो. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, बार्शीटाकळीकडची ही मुलं. घरी चार-सहा एकर, हातात पदवी. कोणी पुण्याला राहून परत आलेला, कोणी जायचंच नाही असं ठरवलेला. त्यांनी इथंच राहून धंदा उभा करावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्यांचा हा पहिला प्रश्न ऐकला की काळजी वाटते.

उत्तर सोपं आहे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये. किमान 10 टक्के आपले घालावे लागतात. अनुदान मात्र हातात पडत नाही. ते बँकेत वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षं खातं नीट चाललं, कारखाना सुरू राहिला, तर कर्जात वळतं होतं. म्हणजे पहिली तीन वर्षं आपल्याच जोरावर काढायची असतात. आणि ती काढताना तूर कोणाच्या पैशानं घ्यायची, हे कोणी विचारत नाही.

मिनी डाळ मिल हे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचंच अपत्य. गावातल्या माणसाला, बचत गटाला झेपेल असं यंत्र आपल्या विद्यापीठानं घडवलं आणि ते वऱ्हाडाबाहेरही पोचलं, याचा मला अभिमान आहे. तासाला साधारण क्विंटलभर तूर त्यातून निघते. आता हिशेब मांडा. दिवसाला आठ क्विंटल, महिन्याला वीस दिवस काम, म्हणजे 160 क्विंटल. क्विंटलला 7 हजारांचा भाव धरला तरी 11 लाख 20 हजारांची तूर. बाजार समितीत हर्रासात घेतलेल्या मालाचे पैसे लगेच मोजायचे आणि डाळ मात्र किराणा दुकानदाराला उधार द्यायची. ‘पैसे पुढच्या महिन्यात नेजा’ हे वाक्य दुकानदुकानी ऐकावं लागतं. पहिल्या महिन्याचा पैसा परत यायच्या आत दुसऱ्या महिन्याची तूर घ्यावी लागते. दोन महिन्यांत वीस लाखांवर रक्कम अडकते. कर्ज काढलं यंत्राला आणि शेडला. खेळत्या भांडवलाचा आकडा प्रकल्प अहवालात कोणीतरी अंदाजानं लिहून दिलेला असतो. माझ्या पाहण्यात बंद पडलेल्या बहुतेक मिल तिथेच अडकल्या. यंत्र धड होतं, मालक कष्टाळू होता, तूर घ्यायला पैसा उरला नव्हता.

त्यात पावसाळा. तूर चाळायची, दाण्याच्या आकारानुसार वेगळी करायची, रोलरवर टरफलाला ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, मग अंगणात ऊन द्यायचं, तेव्हा कुठे टरफल सुटतं आणि डाळ फुटते. ऊन नसेल तर काम थांबतं. धंदा खरा सात-आठ महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा. बँकेत बसण्याआधी हे कागदावर मांडलं पाहिजे.

भावाचं तर विचारूच नका. 2015 च्या उत्तरार्धात तुरीची डाळ किरकोळ बाजारात किलोला 200 रुपयांपर्यंत गेली होती. पुढच्याच हंगामात अमाप तूर पिकली, भाव 5,050 रुपयांच्या हमीदराखाली घसरला आणि आपल्या भागात खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. ज्यानं चढ्या भावात तूर भरून ठेवली होती, त्याच्या हातात तोट्याचं कोठार राहिलं. जून 2023 मध्ये केंद्रानं तुरीच्या साठ्यावर मर्यादा घातली. म्यानमार, मोझांबिकची तूर येते ती वेगळीच. मोठ्या मिल हे धक्के सोसतात. नव्या माणसानं पहिल्याच वर्षी ते अंगावर का घ्यावेत?

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की पहिला हंगाम दुसऱ्याची तूर भरडा. गावातल्या, शेजारच्या चार गावांतल्या शेतकऱ्यांना क्विंटलमागे मजुरी घेऊन डाळ करून द्या. घरच्या खाण्यापुरती डाळ प्रत्येक घराला लागते आणि आपल्या शेतातल्या तुरीची डाळ हवी, ही वऱ्हाडातल्या माणसाची हौस आजही टिकून आहे. इथे तूर विकत घ्यायची नाही, उधारी जवळपास नाही, भाव पडण्याची भीतीही नाही. मिळकत थोडी असते, हे खरं. पण या हंगामात जे शिकायला मिळतं त्याला मोल नाही. मारुती, आशा, पीकेव्ही तारा, प्रत्येक वाणाचा दाणा वेगळा, टरफल वेगळं. एका क्विंटलला डाळ किती पडली, चुनी किती, भुसा किती, हे वहीत रोज लिहा. सत्तर किलोच्या पुढे डाळ गेली तर हात बसला म्हणायचा. दोन किलोंचा फरक नफा आणि तोटा ठरवतो. चुनी गाई-म्हशीवाल्यांना विकली जाते. तिचा हिशेब न ठेवणारा आपलाच पैसा सोडून देतो.

बचत गटाच्या बाया यात पुरुषांपेक्षा पुढे आहेत, असं माझं मत आहे. त्या वही ठेवतात आणि उधारी देताना दहादा विचार करतात. त्यांच्यासाठी केंद्राच्या त्याच सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खेळत्या भांडवलाला व लहान अवजारांना प्रत्येक सदस्येमागे 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे.

दुसऱ्या हंगामात स्वतःची तूर घ्या, पण थोडी. घरचीच तूर असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना पाहा: किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम, 6 टक्के व्याज, 180 दिवस मुदत. भावात अकोल्याच्या एमआयडीसीतल्या मिलशी टक्कर घेऊ नका. तिथं तुम्ही हरणार. तुमच्याकडे आहे ती बिनापॉलिशची, कोणत्या गावची ते सांगता येणारी डाळ. पुण्या-मुंबईत राहणारी वऱ्हाडी घरं ती मागतात. पाकिटात भरून लेबल लावाल तर 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या पाकिटावर जीएसटी आला आहे, हे भाव ठरवताना ध्यानात असू द्या.

आणि उधारी दिलीच तर बिलावर द्या. उद्यम नोंदणी फुकट होते. ती असेल तर 2006 च्या कायद्यानं तुमचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि थकवले तर व्याजासह मागता येतात. तोंडी व्यवहार सिद्ध करणं मात्र कठीण जातं. ओळखीच्या माणसाकडे बिल मागायला संकोच वाटतो, मान्य. तो पहिल्या दिवशीच बाजूला ठेवावा लागतो.

नवी तूर जानेवारीपासून बाजारात येते. कर्जाचा अर्ज भरण्याआधी तुमच्या तालुक्यात चालू असलेली एखादी मिनी मिल शोधा, मालकाला विनंती करा आणि पूर्ण हंगाम तिथं कामाला राहा. वही सोबत न्या. एप्रिलमध्ये त्या वहीतले आकडे पाहूनही मिल टाकावीशी वाटली, तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जा.