व्यायाम कशासाठी?

वऱ्हाडातील बहुतेक गावांत मारुतीचे देऊळ असते आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्याच आसऱ्याने आखाडा उभा राहिलेला असतो. वाशीम जिल्ह्यातील गावेही याला अपवाद नाहीत. आखाड्यात उतरणारा मल्ल मातीला हात लावून नमस्कार करतो, मारुतीचे स्मरण करतो आणि मग जोर-बैठकांना आरंभ करतो. त्याला बळ हवे असते, चपळाई हवी असते, दम हवा असतो. अंग रोड व्हावे म्हणून मारुतीपुढे कोणी नारळ फोडत नाही.

अलीकडे मात्र व्यायाम म्हटला की वजनाचा काटा डोळ्यांपुढे येतो. स्थूल असेल त्याने व्यायाम करावा, सडपातळ असेल त्याला त्याची गरज नाही, अशी समजूत शहरांपासून खेड्यांपर्यंत पसरली आहे. ही समजूत दिसायला साधी, पण परिणामी घातक आहे. तिच्यामुळे दोन मुलांचे सारखेच नुकसान होते. सडपातळ मुलगा ‘मला व्यायाम कशाला?’ असे म्हणून घरी बसून राहतो. स्थूल मुलगा महिनाभर धावतो, काटा जागचा हलला नाही असे पाहून निराश होतो आणि धावणे सोडून देतो. त्यातच सोबत्यांनी त्याची थट्टा केली, तर तो मैदानाकडे पुन्हा फिरकतही नाही. वास्तविक त्या महिन्यात त्याने पुष्कळ मिळवलेले असते. परंतु काट्याला ते दिसत नाही.

ते काय असते, हे लंडन शहरातील एका उदाहरणावरून कळेल. तेथील दुमजली बसगाड्यांवर चालक दिवसभर एका जागी बसून असत, तर वाहक तिकिटे देण्यासाठी जिन्यावरून सारखे वर-खाली करत. जेरेमी मॉरिस या वैद्यकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या दोघांच्या प्रकृतीची तुलना केली व १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाडी एकच, रस्ता एकच. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. वाहक अंगाने सडपातळ असतील म्हणून असे झाले असेल काय? पुढील संशोधनात या शंकेचेही उत्तर मिळाले. सडपातळ असो वा स्थूल, जिना चढणाऱ्या वाहकाला धोका कमीच होता. त्याच्या हृदयाचे रक्षण हालचालीने केले होते.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. हृदय हाही एक स्नायूच आहे. नियमित व्यायामाने तो बळकट होतो आणि एकेका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलतो. त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. एखाद्या प्रौढ माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ वरून ६० वर आले, असे समजावे. मिनिटाला १२ ठोके वाचले, म्हणजे २४ तासांत १७,२८० ठोके वाचले! जे काम पूर्वी धापा टाकत होई, ते आता सहज होऊ लागते. हाडांचेही असेच आहे. उडी मारताना, धावताना त्यांवर जो भार पडतो, त्याला तोंड देण्यासाठी ती अधिक घट्ट होतात. ही पुंजी साठवण्याचे खरे वय बालपण व किशोरवय हेच होय. म्हातारपणी ज्या हाडांवर उभे राहायचे, ती शाळेच्या मैदानावर घडतात.

शरीराबरोबर मनालाही व्यायामाचा लाभ होतो. खेळून आलेल्या मुलाला गाढ झोप लागते, त्याचा चिडचिडेपणा कमी होतो आणि अभ्यासात त्याचे लक्ष अधिक लागते. म्हणून परीक्षा जवळ आली की खेळाचा तास कमी करून त्या जागी गणिताचा तास घेणे हे शहाणपणाचे नव्हे. त्यात गणिताचाही फारसा लाभ होत नाही.

लोकमान्य टिळक महाविद्यालयात गेले तेव्हा प्रकृतीने अशक्त होते. वजन उतरवण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. तरीही डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी मुख्यतः शरीर कमावण्यात घालवले. पुढे १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. वयाची पन्नाशी उलटलेली, हवा न मानवणारी. अशा स्थितीत त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून पूर्ण केले. बुद्धी कितीही तेजस्वी असली, तरी तिला वाहून नेणारे शरीर खंबीर असावे लागते.

वाशीमच्या शेजारच्या अमरावती येथे १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, तोही तरुणांचे वजन घटवण्यासाठी नव्हे. देशाला बलवान व शिस्तबद्ध तरुण हवे होते. त्या रोपट्याचा पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला, आणि १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डी व इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली.

येथे कोणी म्हणेल की, वाशीमसारख्या शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात मुले सोयाबीन निंदतात, पाणी वाहतात. त्यांना निराळा व्यायाम कशाला? हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. श्रम हाही व्यायामच आहे आणि श्रम करणारी मुले सर्वांच्या आदरास पात्र आहेत. परंतु निंदताना पाठ सतत वाकलेली राहते, ओझे वाहताना खांदे दबतात. व्यायामाने आखडलेले शरीर सर्व बाजूंनी मोकळे होते. शिवाय खेळात जो आनंद आणि जी मैत्री लाभते, ती ओझ्याखाली सापडत नाही. शेतीची कामेही वर्षभर सारखी नसतात, आणि पूर्वी पायी शाळेत जाणारी पुष्कळ मुले आज वाहनाने जातात व संध्याकाळी मोबाइल घेऊन बसतात.

मुलींविषयी तर विशेष सांगितले पाहिजे. लहानपणी लंगडी आणि खो-खो खेळणारी मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिला ‘आता पळणे शोभत नाही’ असे सांगण्यात येते. ज्या वयात हाडे घट्ट व्हायची, त्याच वयात तिला बसवले जाते. हा अन्याय आहे. मैदानावर भावाचा जितका हक्क, तितकाच बहिणीचाही असला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी किमान एक तास मध्यम ते जोमाची हालचाल करावी. त्यासाठी पैसा लागत नाही. सूर्यनमस्कारास चार हात जागा पुरे, कबड्डीस आखलेले मैदान पुरे, दोरीच्या उड्यांस दोरी पुरे. उन्हाळ्यात सकाळची वेळ साधावी, आजारी मुलाने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि व्यायाम झेपेल तितकाच पण नेमाने करावा. वाढत्या वयात वजन वाढायचेच. म्हणून मुलांनी त्याची चिंता न करता एवढेच पाहावे : गेल्या महिन्यात जी टेकडी चढताना मधेच थांबावे लागे, ती आज न थांबता चढता येते काय? येत असेल, तर व्यायामाचे फळ मिळू लागले असे खुशाल समजावे.