बालकाचा डोळा आणि मेंदूतील जाळे

मुलाचा एक डोळा किंचित तिरळा दिसला, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "मोठा झाला की होईल सरळ." काही घरांत तर ते भाग्याचे लक्षण मानतात. वाचकहो, या भोळ्या समजुतीचे मोल पुष्कळदा मुलाला जन्मभर द्यावे लागते. आणि त्याचे कारण डोळ्यात नसून मेंदूत असते.

मेंदू म्हणजे केवळ मज्जापेशींचा समूह नव्हे. पेशींच्या भोवती प्रथिने व शर्करा यांच्या रेणूंचे एक द्रव्य असते. गर्भावस्थेत हेच द्रव्य वाढत्या मज्जातंतूंना वाट दाखविते. त्यातील लॅमिनिन तंतूंना पुढे सरकण्यास साहाय्य करते. कॉन्ड्रॉइटिन सल्फेटयुक्त रेणू बहुधा त्यांना अडवितात.

जन्मानंतर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या संदेशांनुसार मेंदूतील जोडण्या घडत जातात. १९६० नंतरच्या दशकात ह्यूबेल व वीझेल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ मिटून ठेवला. पुढे तो उघडला, तरी मेंदू त्याची फारशी दखल घेईना. प्रौढ मांजरांत असे घडले नाही. या शास्त्रज्ञांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

हा कोवळा काळ संपतो कसा? मेंदूतील काही पेशींभोवती त्याच कॉन्ड्रॉइटिन सल्फेटयुक्त रेणूंचे दाट जाळे विणले जाते आणि जोडण्या स्थिरावतात. २००२ साली इटलीतील संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूतील हे जाळे एका विकराने विरघळविले, तेव्हा त्या जोडण्या पुन्हा बदलू लागल्या.

माणसांसाठी असा उपचार अद्याप नाही. आपल्या हाती आहे ते वेळेवर दिलेला चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास बांधलेली पट्टी. सात वर्षांच्या आत हे उपाय अधिक गुणकारी ठरतात. नंतरही प्रयत्न सोडू नये.

तिरळेपणा नसतानाही एक डोळा मंद असू शकतो. दुसरा डोळा काम भागवितो, म्हणून मूल तक्रार करीत नाही. एकेक डोळा हाताने झाकून पाहावा; एकाच डोळ्यावरील हात मूल वारंवार दूर सारू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. रायपूर व छत्तीसगढातील इतर जिल्ह्यांत 'चिरायु' पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करतात. अन्य राज्यांत हे काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडे आहे. त्या दिवशी आपल्या मुलाला घरी ठेवू नका.