न दिसणारा रक्तस्राव

सत्तरी ओलांडलेले आजोबा नेमाने दुकानाच्या गादीवर बसतात. मात्र अलीकडे एक जिना चढला तरी त्यांना धाप लागते. तपासणीत हिमोग्लोबिन ८ निघते. ‘वय झाले, उपवासही फार करतात,’ असे म्हणून घरची मंडळी लोहाच्या गोळ्यांवर समाधान मानतात. आकडा वाढतो आणि काही महिन्यांत पुन्हा उतरतो. जमा होत असूनही शिल्लक घटत असेल, तर खर्च कोठे होतो हे पाहावे लागते. रक्ताचेही तसेच आहे.

उतारवयातील अशा छुप्या रक्तस्रावाचे एक कारण म्हणजे अँजिओडिसप्लेसिया. आतड्याच्या अस्तरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या व नाजूक होतात आणि त्यांतून रक्त झिरपते. हा दोष बहुधा मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात आढळतो. पोटात दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. शौचास कधी काळे, कधी लाल होते. पुष्कळदा रंग बदलतही नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये.

मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा हृदयातील महाधमनीची झडप अरुंद असणाऱ्यांत हा दोष अधिक दिसतो. झडपेशी असलेला हा संबंध अमेरिकेतील डॉ. एडवर्ड हाइड यांनी १९५८ साली नोंदवला.

निदानासाठी जठराची व मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करतात. लहान आतड्यासाठी कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळावी लागते. दोष सापडल्यास बहुधा पोटावर छेद न घेता, दुर्बिणीतूनच आर्गॉन वायू व विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने ती जागा वरवर भाजून बंद करतात. कधी चिमटाही लावतात. नवे दोष उद्भवून रक्तस्राव पुन्हा होऊ शकतो, म्हणून उपचारानंतरही हिमोग्लोबिन ठरावीक काळाने तपासावे.

तपासणीपूर्वी आतडे स्वच्छ करण्यासाठी औषधमिश्रित पाणी बरेच प्यावे लागते. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे वेळेचा विचार करता येतो. रक्त पातळ करणारी औषधे मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

वडीलधाऱ्यांचा थकवा वयाच्या खात्यावर मांडण्यापूर्वी त्याचे कारण शोधणे, हीही त्यांची सेवाच होय.